व्याह्यांचा काढा

दत्तात्रयांचा काढा उकळायला लागला की जर्मनीतल्या बोब्लिंगेन गावातल्या त्या इमारतीत वरच्या मजल्यापर्यंत बातमी पोचायची. शेजारच्या फ्राऊ केलर एकदा दार वाजवून विचारून गेल्या, तुमचं गटार तुंबलंय का? राजाभाऊंना त्यांची शंका अगदी रास्त वाटली, कारण तो काढा प्यायचे ते राजाभाऊच.

बायको गेल्यापासून राजाभाऊ मुलाकडे, शिरीषकडे राहत. त्यांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला, तेव्हा सून नंदिनीचे वडील दत्तात्रय मदतीला म्हणून पुण्याहून आले. आठवडाभरातच त्यांनी श्टुटगार्टमध्ये एक चिनी दुकान शोधलं. दुकानदाराला मराठी येत नव्हतं आणि यांना चिनी, तरी दोघांचं एकमत झालं आणि साली, मुळ्या, वाळक्या अळंब्या असा डबा घरी आला.

"राजाभाऊ, हजारो वर्षांचं शास्त्र आहे. प्या!"

राजाभाऊ पीत. ओल्या मोज्यांची चव लागे. पण लग्नात वरपिता म्हणून त्यांनी या गृहस्थांकडून भरपूर मानपान उकळला होता. आता व्याह्यांनी पुढे केलेला पेला नाकारायचा कोणत्या तोंडाने? मुलगा-सून ऑफिसला गेले की हा कार्यक्रम चाले. नंदिनीला वाटे, काढा पपा स्वतःच पितात. ती लहान असल्यापासून ते काही ना काही उकळतच आले होते.

उपचार सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर एका तपासणीत डॉक्टर फोग्टबाईंनी रिपोर्ट समोर ठेवले. त्या बोलत होत्या आणि नंदिनी मराठीत सांगत होती. दत्तात्रय 'सोबत' म्हणून खुर्ची अडवून बसले होते.

"बाबा, गाठी लहान होतायत. औषध छान लागू पडलंय. पण लिव्हरचे आकडे फार वाढलेत. असंच राहिलं तर हे औषध बंद करावं लागेल. दुसरं आहे, पण ते इतकं लागू पडेलच असं नाही."

राजाभाऊ चष्मा लावून रिपोर्टातले ते आकडे शोधू लागले.

"आणि त्या पुन्हा विचारतायत, याशिवाय काही घेता का? चहा, पावडर, काहीही?"

मागच्या वेळी ते बेधडक 'नाही' म्हणाले होते. आता त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं. व्याही छत न्याहाळत होते. खोटं बोललं तर औषध जाणार, खरं बोललं तर व्याही रुसणार. राजाभाऊंनी विचार केला, औषध गेलं की गेलंच. व्याह्यांची समजूत दिवाळीपर्यंत काढता येईल.

"घेतो," ते म्हणाले. "तुझ्या पपांचा काढा. सकाळ-संध्याकाळ."

"काय? तो तुम्ही पिता? मला वाटलं पपा पितात!"

"मी कशाला पिऊ?" दत्तात्रय दचकले. "कडूजहर आहे तो!"

"पपा!"

"आल्झो?" म्हणजे, मग काय, असं फोग्टबाईंनी विचारलं.

नंदिनीने लाल चेहऱ्याने सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, शरीरात जाणारं बरंचसं निस्तरायला लिव्हर एकच असतं. ते कशाने बिघडलं हे आज सांगता येणार नाही. काढा बंद करा, या वेळचा डोस पुढे ढकलू आणि रक्त पुन्हा तपासू. औषध आत्ताच बदलत नाही.

राजाभाऊंनी सोडलेला श्वास दाराबाहेर ऐकू गेला असेल.

"म्हणजे चिनी औषध थोतांड?" दत्तात्रय उसळले. "विचार तिला, नंदू! विचार!"

नंदिनीने नाइलाजाने विचारलं. बाई हसल्या. म्हणाल्या, मुळीच नाही. यांच्या सलाईनमधल्या एका औषधाचं मूळ एका चिनी झाडातच सापडलं. पण झाडातलं नेमकं काय, किती आणि कोणाला द्यायचं, हे ठरवायला माणसांनी वर्षानुवर्षं घालवली. तुमच्या डब्यात काय आणि किती आहे, हे मला कोण सांगणार?

दत्तात्रयांनी त्यातलं 'चिनी झाड' तेवढं उचललं.

"ऐकलंत, राजाभाऊ? मी दुकान बरोबरच शोधलं होतं!"

"दुकान बरोबर होतं, दत्तोपंत. स्वयंपाकी चुकला."

दत्तात्रय गाडीत घरापर्यंत खिडकीबाहेर तोंड करून रुसून बसले. पण लिव्हरचे आकडे उतरले आणि सलाईन पुन्हा सुरू झालं, त्या दिवशी सर्वांत आधी बूट घालून दारात उभे राहिले तेच. कॉटशेजारी बसून पिशवीतला थेंबन् थेंब त्यांनी घरच्या झाडाचा असावा तसा निरखला. नर्स आली तेव्हा पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, "चायना. माय आयडिया."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं नर्स म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

"दत्तोपंत," डोळे मिटूनच राजाभाऊ म्हणाले, "नळीवरचा हात काढा."