टिल्डाची चिठ्ठी

एप्रिलमध्ये माझ्या मुलीचे, टिल्डाचे डोळे आले. आर्लिसचा नियम पक्का होता: डोळे आलेलं मूल डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय परत घ्यायचं नाही. एकतीस वर्षं ती स्वतःच्या घरात मुलं सांभाळते आहे, आणि काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, परवाना टिकवायचा म्हणून एकेका मुलाची फाइल जपते.

मी हायस्कूलमध्ये हजेरीच्या टेबलावर बसते. मुलांनी आणलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या माझ्याच हातात येतात, आणि खोटी कुठली ते मला लांबून कळतं. माझी सगळी रजा हिवाळ्यात टिल्डाच्या कानदुखीत संपली होती. दोन दिवस माझ्या आईने तिला सांभाळलं. घरातले उरलेले थेंब घालून डोळे निवळले, पण दवाखान्यात सोमवारपर्यंत वेळ मिळत नव्हती. मी जानेवारीची चिठ्ठी कॉम्प्युटरवर घेतली, तारीख बदलली, कानाच्या जागी डोळे केले. डॉक्टर लिंडक्विस्टची सही होती तशी ठेवली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

आर्लिसने ती न वाचताच फाइलला लावली. म्हणाली, "तुझं काय वाचायचं? तू बिस्किटाच्या पुड्यावरची तारीखसुद्धा दोनदा बघतेस."

तीन आठवड्यांनी संध्याकाळी टिल्डाला घ्यायला गेले, तर आर्लिस शेगडीपाशी उभी, भांड्यात नुसताच चमचा फिरवत.

"काउंटीची बाई आली होती तपासणीला. टिल्डाच्या चिठ्ठीवर अडली. लिंडक्विस्टबाई फेब्रुवारीतच निवृत्त झाल्या म्हणे. मग एप्रिलमध्ये सही कुणी केली? मला विचारते, फाइल पूर्ण दिसावी म्हणून तुम्हीच बनवता का चिठ्ठ्या? खोटा कागद लावणं गुन्हा आहे, म्हणाली. परवाना लटकला बघ."

"मग?" मी विचारलं.

"कागद सगळे ब्रिन लावते." ब्रिन तिच्या बहिणीची मुलगी, रोज मदतीला यायची. "मला वाटलं, तू दिलेली चिठ्ठी तिच्याकडून हरवली असेल आणि घाबरून तिने दुसरी केली असेल. विचारलं तिला. 'मावशी, तुला असं वाटलंच कसं?' म्हणाली, आणि या घराची किल्ली टेबलावर ठेवून गेली." आर्लिसने चमचा खाली ठेवला. "तुझ्याकडे त्या मूळ चिठ्ठीची कॉपी असेल ना गं?"

"घरी बघते," मी म्हणाले.

गाडीत टिल्डाचा पट्टा लावला. गाडी चालू केली, बंद केली. मग तिला सोडवून कडेवर घेतलं आणि पुन्हा आत गेले.

"आर्लिस, दुसरी चिठ्ठी नाहीच. मी दिलेली तीच आहे."

"म्हणजे?"

"मी बनवली. घरी."

तिने शेगडी बंद केली. मी भराभर सांगायला लागले, रजा नव्हती, थेंब घातले होते, डोळे अगदी स्वच्छ होते.

"थांब." तिने फ्रिजवरचं त्या बाईचं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "मला नको सांगू. तिला सांग. इथे, माझ्यासमोर."

पाचला पाच मिनिटं कमी होती. मी फोन लावला; काउंटीची बाई अजून ऑफिसातच होती. माझं नाव, पत्ता, तारीख तिने शांतपणे लिहून घेतली. आर्लिसला ठाऊक होतं का, विचारलं. नव्हतं, मी म्हणाले. कागद सरकारी वकिलाकडे जाईल, पत्र येईल, तुम्हाला वकील करायचा तर करा, म्हणाली. नोकरीची भीती तेव्हाच वाटायला हवी होती. मला फक्त मान वर करता येत नव्हती.

तोवर आर्लिसने टिल्डाचे जादा मोजे, गोधडी, झाकणाचा कप, सगळं एका पिशवीत भरलं होतं.

"सोमवारी आणू का हिला?" हे मी विचारलं. अजून आठवलं की कान तापतात.

"नको."

"मी ब्रिनकडे जाते. मीच सांगते तिला."

"तू तुझं सांगशील. पण तिच्यावर आळ मी घेतला, तू नाही." ती खुर्चीवर बसली. "त्याचं काय बोलायचं, ते सुचव. लिहिण्यात हुशार आहेस ना."

तिने ब्रिनला फोन लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली, आणि मी पिशवी धरून दारातच उभी. निघून जायचं की थांबायचं, हे विचारण्याचाही मला हक्क उरला नव्हता.