ओलेत्याचे पाच किलो

“पाच किलो! पाच किलो गेले, भाऊ! अन् उपाशी एक दिवस नाही राह्यलो!”

गजेंद्र माईकवर बोलत होता आणि जाम नदीकाठच्या मांडवात निम्मं पांढुर्णा टाळ्या पिटत होतं. पूल ओलांडून सावरगावचीही माणसं आली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार, म्हणजे एकमेकांना दगड मारायचा दिवस सोडला, तर ही दोन गावं एवढ्या उत्साहाने एका जागी कधी जमत नाहीत.

गजेंद्र कापसाचा व्यापारी. शेतकऱ्याच्या गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून “ओल आहे, भाव कमी होईन” असं म्हणणारा. सख्ख्या मामाच्या कापसावरही त्याने कधी विश्वास ठेवला नव्हता. आज मात्र तो डोळे पुसत होता आणि मागे सोफ्यावर बसलेले कर्बहारी महाराज डोळे मिटून मंद हसत होते.

मग महाराजांनी माईक घेतला.

“कार्ब म्हणजे काय? काळाचा सगा भाऊ! भाकरीत कार्ब, भातात कार्ब, तुमच्या संत्र्यात तर ठासून कार्ब! जो कार्ब को छोडेगा, वो काल को मोडेगा! पनीर खा, तूप खा, अंडं चालत असंल त्यानं अंडं खा, अन् सकाळी आपलं कर्बभस्म. चरबी मेणासारखी वितळते का नाही, सांगा!”

“वितळते!” मांडव गरजला. ज्यांची घरं संत्र्यावर उभी राहिली, ती माणसं संत्र्याला पडलेल्या शिव्या ऐकून माना डोलवत होती.

चौथ्या रांगेत गजेंद्रची बायको प्रणाली बसली होती. ती सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवते. भात-भाकरी कमी केली की वजन उतरू शकतं, हे तिला ठाऊक होतं. पनीरशी तिचं वैर नव्हतं. तिचं वैर महाराजांच्या एका आज्ञेशी होतं: ‘संकल्प चालू आहे तोवर डॉक्टरची सुई, गोळी बंद.’ आणि तिच्या शेजारी तिची सासू पंचफुला बसली होती, जिला रोज इन्सुलिन लागे आणि जिने संकल्प घेतल्यापासून ते बंद केलं होतं. ती बाटलीतून घटाघटा पाणी पीत होती. तिसरी बाटली.

“आई, एवढी तहान चांगली नाही.”

“चरबी वितळून राह्यली वो पोरी. महाराजच म्हनले, ते पान्याच्या वाटेनं निघते.”

घरी परतताना पंचफुलाला लघवीसाठी दोनदा रिक्षा थांबवावी लागली. पोलकं खांद्यावरून घसरत होतं. प्रणालीने सौंसरच्या डॉक्टर सुमेधला फोन लावला. त्याने सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, “मॅडम, त्यांचं वजन साखरेपायी उतरून राहिलं. आजच घेऊन या. उशीर झाला तर बेशुद्ध होतील.”

पण पंचफुला हलेना. गुडघ्यांनी तिला घरात डांबलं होतं. रामाकोना गावातल्या घरच्या बागेत, नवऱ्याने लावलेल्या झाडांखाली ती कित्येक वर्षांत गेली नव्हती. वजन उतरलं की गुडघे चालतील आणि मग बाग, एवढाच तिचा हिशेब.

“उद्या उद्यापन आहे. त्याच्या आंदी सुई घेतली, तं सारं पान्यात गेलं.”

“आई, तो माणूस फसवून राहिला.”

“गज्याचे पाच किलो का खोटे हायेत? माया पोरगा काटा पाहूनच जेवते. त्याचे पाच किलो खोटे करून दाखव, आत्ता सुई घेतो मी.”

गजेंद्रने पेपरातून मान वर काढली. “तुले शाळेत पोरं कमी पडले का वो? आता आमाले शिकवतं?”

संध्याकाळी प्रणाली धुणं घेऊन गच्चीवर निघाली. धुण्यात वरच गजेंद्रचं ‘संकल्पवस्त्र’ होतं, महाराजांनी दिलेली जाड सुती चादर. उद्यापनाला धुऊन परत करायची होती. ती ओली चादर उचलताना तिचा हात खांद्यातून लचकला. कोरडी असताना हीच चादर तिने एका बोटावर लटकवून खाली नेली होती.

ती जिन्यातच थांबली. मग खाली आली.

“अवो, पहिल्या दिवशी काट्यावर काय घालून उभे होते तुमी?”

“संकल्पवस्त्र. ओलेत्यानं. नदीत बुडी मारून, तीर्थाचा तांब्या पिऊन. देवाच्या कामाले कोरडं जाते का कोनी?”

“अन् आज दुसऱ्यांदा?”

“सदरा-पायजमा. काऊन?”

“काही नाही जी. जेवा.”

सकाळी मांडवात पुन्हा तीच गर्दी. डॉक्टर सुमेध मागच्या खुर्चीवर पिशवी घेऊन बसला होता. प्रणालीने पहाटेच बोलावलं होतं. पंचफुलाला प्रणालीने एका शेजारणीसोबत धरून आणलं. ती आता धापा टाकत होती आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता, साखर फार चढल्याची खूण. सुमेधचा चेहरा पाहून प्रणालीने वेळ घालवला नाही. ती सरळ स्टेजवर चढली.

“महाराज, एक विनंती. पहिलं वजन ओलेत्यानं झालं, तं शेवटचंही ओलेत्यानं होऊ द्या. काटा तुमचाच.”

महाराजांचे डोळे टक्क उघडले. “बेटी, संकल्प ओला, उद्यापन कोरडं. हा शास्त्राचा नियम आहे.”

“कोनत्या शास्त्राचा, जी?”

“ये श्रद्धा का विषय है! नास्तिक बाई है, इसको उतारो कोई!”

मांडवात कुजबुज झाली. “गजूभाऊची बायको हाय ना ते?” “घरातच मान नाही तं बजारात का भेटन!”

ते गजेंद्रच्या कानी पडलं आणि तो उठला. “बायको मले खोटं पाडते काय? पाहूनच घ्या मंग!” त्याने चादर ओढली, नदीवर गेला, बुडी मारली आणि निथळत परत आला. प्रणालीने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो रागारागाने एका दमात प्याला आणि काट्यावर चढला.

पुढच्या रांगेतल्या बायकांनीच आकडा वाचला. “ब्याऐंशी!”

“काल अठ्ठ्याहत्तर होते ना?”

“अन् पहिल्या दिवशी त्र्याऐंशी.”

चादरीतून गळणारं पाणी काट्याखालच्या फळीवर टपटपत होतं.

“पाचातले चार नदीचे,” प्रणाली म्हणाली. “उरला एक तुमचा आहे, तो कोनी घेत नाही. भात सोडला, त्याचा तो.”

गजेंद्रच्या हाताची सवय कुठे जाते? त्याने नकळत चादरीचा घोळ मुठीत धरला, पिळला, बोटांनी चाचपला आणि आयुष्यभर जे शब्द दुसऱ्यांना ऐकवले ते हलक्या आवाजात उच्चारले:

“ओल आहे.”

आधी एक जण हसला, मग अख्खा मांडव. महाराज जोडे शोधू लागले, तेव्हा सावरगावच्या पोरांचे हात खाली दगडांकडे गेले. “दगड नाही,” प्रणाली ओरडली, “ठाण्यात न्या. अन् भस्माच्या पुड्या संग द्या, तपासू द्या त्यात काय आहे ते.”

पंचफुला मात्र हसली नव्हती. तिने पदर सारून दंड पुढे केला.

“घे वो पोरी. बोली म्हंजे बोली. टोच.”

सुमेधने बोटातून थेंब घेतला. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. साखर त्याच्या मापाबाहेर गेली होती. गजेंद्रने ओल्या चादरीनिशीच जीप काढली.

पंचफुला वाचली. दवाखान्यात डोळे उघडल्यावर तिने विचारलं, “गज्याचं वजन पान्याचं होतं. मायं तं खरंच गेलं. थे कुठं गेलं वो?”

“साखर लघवीतून वाहून गेली, आई. तिच्यासंगं अंगातलं पाणी, मांस. अख्ख्या मांडवात सगळ्यात जास्त खरं उतरलेलं वजन बहुतेक तुमचंच होतं, अन् तेच तुम्हाले घेऊन चाललं होतं.”

आता ती सुई घेते, डॉक्टरला विचारून भाकरी मोजकी खाते आणि काठी टेकत रामाकोन्याच्या बागेतल्या पहिल्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत जाते. गुडघे चमत्काराने बरे झाले नाहीत. हळूहळू वळणावर येत आहेत.

भात सोडावा की खावा, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरला विचारावं. पण कोणी टाळ्यांच्या गजरात सांगू लागला की इतके किलो गेले, तर बाजारात कापसाला विचारता तेच विचारा: पहिल्या मापाच्या वेळी ओल किती होती? आणि जो कोणी तुमचं चालू औषध बंद करायला सांगेल, त्याच्यापुढून आधी उठा. हात जोडायचे की नाही, ते मग ठरवा.