भरीत वगळून

धुळ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारा मोतीलाल सोनवणे दोन गोष्टींसाठी ओळखला जाई. एक त्याचं अक्षर आणि दुसरं त्याचं भरीत. अक्षर चांगलं म्हणून त्याला जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या पर्यावरण शिक्षण समितीचा सचिव केलं. भरीत चांगलं म्हणून समितीच्या बैठकांना लोक येत.

नव्वद सालची ही समिती. काम सरळ होतं. एक आराखडा शाळांसाठी आणि एक आम जनतेसाठी तयार करायचा. पुण्याहून एक अधिकारी बाई येऊन पाहणार, पसंत पडला तर छापणार. शाळांचा भाग मोतीलालने झटपट उरकला. पुण्याचा नमुना समोर ठेवला आणि जिथे पुणं होतं तिथे खानदेश लिहिलं. त्यामुळे शिंदखेड्याच्या मुलांनी मे महिन्यात भर दुपारी ओढ्याकाठी पक्षी पाहायला जावं, असं त्यात आलं. मे महिन्यात दुपारी शिंदखेड्याला पक्षीसुद्धा बाहेर पडत नाहीत, हे जळगावचे चित्रकलेचे शिक्षक नासीर यांनी बैठकीत सांगितलं. मोतीलालने 'मे' खोडून 'जानेवारी' केलं आणि योजनेला स्थानिक रूप दिल्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

जनतेचा भाग मात्र उसना नव्हता. मोतीलालची सासुरवाडी चोपड्याजवळ, कपाशीच्या मुलखात. कपाशी निघाली की लोक काड्या उपटून बांधावर ढीग घालत आणि पेटवून देत. थंडीत संध्याकाळी तो धूर वर जात नसे. गावावरच बसून राही. सासूबाई पार्वताबाईंना दमा होता. मागच्या हिवाळ्यात त्यांना चोपड्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा एस.टी.त मोतीलाल शेजारी बसला होता. सासूबाईंचा एकेक श्वास त्याला इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येत होता. काड्या न जाळता कुऱ्हाडीने तोडून खड्ड्यात शेणकाल्यात कुजवल्या तर खतही होईल आणि हवाही स्वच्छ राहील, हे त्याला तिथे सुचलं.

समितीपुढे मात्र त्याने दम्याचं नाव काढलं नाही. जमिनीचा कस, वातावरणाचा समतोल, असं बोलला. सासूच्या श्वासासाठी दोन जिल्ह्यांची योजना आखणारा सचिव त्याला स्वतःलाच जरा हलका वाटला असता.

पुण्याच्या बाईंचं उत्तर आलं: आधी एका गावात करून दाखवा. जमलं तर जनतेचा भाग तुमच्या नावाने छापू, नाही तर नुसता शाळांचा छापू. म्हणजे पक्षी छापले जाणार आणि धूर तसाच राहणार. मोतीलालने सासुरवाडी निवडली. नाव छापून येण्याचा विचार मनात नव्हताच, असं तो पुढे सांगत असे. पण त्या आठवड्यात त्याने आपली सही तीन-चार प्रकारे करून पाहिली होती.

दिवाळीनंतर गाव जमवलं. शाळेच्या भिंतीवर नासीर मास्तरांनी मोठ्या हिरव्या अक्षरांत घोषणा रंगवली: 'एक काडी जळणार नाही, धूर गावाला छळणार नाही.' घोषणा मोतीलालची. सरपंच जीवराम आबांनी ती डोळे बारीक करून दोनदा वाचली.

"मास्तर, यक काडी बी नही?"

"आबा, एक म्हटलं की माणूस दुसरी पेटवतो."

"मंग बायास्नी चुल्हामा काय घालानं?"

"बाभळीचं सरपण आहे ना."

नासीर मास्तर ब्रश डब्याच्या काठावर निथळत होते. "म्हणजे पर्यावरणासाठी बाभळी तोडायच्या. खाली लिहू का, जागा आहे."

मोतीलालला बोलणं पटलं होतं. पण चुलीची सोय घोषणेत घालायची तर यमक मोडत होतं, आणि यमक जुळवायला त्याला अख्खी रात्र लागली होती. त्याने चूल सोडून दिली आणि यमक ठेवलं.

नवल म्हणजे गावाने ऐकलं. घोषणेपेक्षा पार्वताअक्कांचा खोकला गावाच्या जास्त ओळखीचा होता. लोकांनी कानबाई देवीची आण घेतली आणि पाळली. पौषात अर्धी कपाशी निघाली, काड्या तुटल्या, खड्डे भरले. संध्याकाळी गावावरून सातपुड्याची कड दिसू लागली. पार्वताबाई दिवेलागणीनंतरही ओट्यावर बसू लागल्या.

अशा त्या गावात जाळता येईल असा काड्यांचा एकच ढीग उरला होता, आणि तो मोतीलालच्या मेहुण्याच्या शेतात होता. अभिमनला मोतीलालनेच सांगून ठेवलं होतं, "बाई येतील त्या दिवशी भरीत लागेल. चांगल्या वाळलेल्या काड्या बाजूला ठेव." पुण्याचा पाहुणा खानदेशात येतो आणि भरीत न खाता जातो, हे त्याच्या डोक्यात बसण्यासारखं नव्हतं. भरीत भाजणं म्हणजे काड्या जाळणं, हेही त्याच्या डोक्यात बसलेलं नव्हतं. ते भरीत होतं. आणि ते कपाशीच्या काड्यांवरच व्हायचं. स्टोव्हवर वांगं भाजणं म्हणजे वांग्याचा अंत्यविधी, हे त्याचं वाक्य दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांना पाठ होतं.

संक्रांतीनंतर बाई जीपने आल्या. मोतीलालने त्यांना खड्डे दाखवले, खड्ड्यांतल्या कुजू लागलेल्या काड्या हातात घेऊन दाखवल्या, निळं आकाश दाखवलं. आकाश दाखवताना हात वर केला तो तसाच राहिला. अभिमनच्या शेतावरून धुराचा जाड लोट निघाला होता. गावात दुसरा धूर नसल्यामुळे तो फारच उठून दिसत होता.

"ते काय आहे?" बाईंनी विचारलं.

मग जीवराम आबा पुढे झाले. "मॅडम, ते प्रात्यक्षिक शे. पहिले कसा धूर व्हये, ते तुम्हले दखाडाकरता."

क्षणभर मोतीलालला आबांच्या पाया पडावंसं वाटलं. इतकं चोख उत्तर समितीच्या कुठल्याही बैठकीत त्याने ऐकलं नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण वाऱ्याबरोबर भाजल्या वांग्यांचा वास आला, आणि बाईंनी नाक वर केलं.

"मॅडम, ते भरीत आहे," मोतीलाल म्हणाला. "मीच भाजायला सांगितलं. तुमच्यासाठी."

"काड्यांवर?"

"काड्यांवर."

नासीर मास्तरांनी खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला. धुराचा त्रास त्यांना यापूर्वी कधी झाला नव्हता.

बाई शेतात गेल्या. अभिमनने वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचली होती. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून फोडणी दिली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर बाईंनी खाल्लं, परत वाढून घेतलं, आणि हात धुताना म्हणाल्या, "सोनवणे, नियम फार कोरडा ठेवला की लोक पाळत नाहीत. एवढा अपवाद लिहून टाका. फेब्रुवारी संपता संपता मी परत येते. तेव्हाही आकाश असंच दिसलं तर जनतेचा भाग छापू."

मोतीलाल सुटला. त्याच दिवशी घोषणेखाली कंस पडला आणि कंसात अक्षरं आली: 'भरीत वगळून'.

"यमक गेलं," नासीर मास्तर म्हणाले.

"जाऊ दे. आता योजना व्यवहाराला धरून झाली."

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की धुळ्याला परतताना त्याने ते प्रस्तावनेत घालायचं ठरवलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर, उरलेली कपाशी निघाली तेव्हा, तो पुन्हा सासुरवाडीला निघाला. चोपड्याच्या पुढे बसच्या खिडकीतून सातपुडा दिसायला हवा होता. तो दिसला नाही. गाव जवळ आलं तसा घशात खवखव सुरू झाली. उतरल्या उतरल्या तो पहिल्याच शेतात शिरला. पुना नावाचा शेतकरी माणसाएवढ्या उंच ढिगापुढे उकिडवा बसला होता. ढीग धडधडून पेटला होता. कडेला, निखाऱ्यावर, एक वांगं होतं.

"पुनाभाऊ, हे काय?"

"भरीत," पुना म्हणाला.

"एवढ्या ढिगावर एक वांगं?"

"घरमा दोनच माणसं शेत, मास्तर."

पुढच्या शेतातही भरीतच होतं. त्याच्या पुढच्या शेतातलं वांगं कालचंच होतं, कोळसा झालेलं. तरी ते काढून टाकायला मालक तयार नव्हता. आणखी एका बांधावर वांगं विस्तवापासून हातभर लांब दगडावर ठेवलेलं होतं. मोतीलालने त्याकडे बोट दाखवलं तेव्हा मालक म्हणाला की मंद आचेवर चव चांगली येते. ही चव मोतीलालनेच कधीतरी या गावाला समजावून सांगितली होती.

काड्या तोडणं, खड्डा भरणं हे कष्टाचं काम. एका वांग्यात ते वाचत होतं. मोतीलालला कोणावर रागावता येईना. पहिलं वांगं त्याचं होतं.

घरी पार्वताबाई आतल्या खोलीत, दार लावून, पदर नाकाला धरून बसल्या होत्या. बोलायला त्यांना वेळ लागला.

"जवाईबापू, भितवर पहिले लिखेल व्हतं ना, ते बरं व्हतं."

मोतीलाल ओट्यावर येऊन बसला. पुण्याच्या बाई परत यायला जेमतेम दहा-बारा दिवस होते. जनतेचा भाग गेला, नाव गेलं, हे त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. पण आतून श्वासाचा तो आवाज येत होता, मागच्या वर्षी एस.टी.त ऐकलेला. तो उठला आणि जीवराम आबांकडे गेला.

"आबा, कंस पुसायचा."

"पुसा ना. भित तुम्हनी." आबा तंबाखू मळत होते. "पन लोके काय म्हनतीन? पुन्यानी बाईले भरीत, मास्तरले भरीत. आम्हन्या मातर काड्या जळाव्या नहीत."

"मलाही नको."

"तुम्हले?" आबांचा अंगठा तळहातावरच थांबला. "तुम्हीन भरीत खावाऊत नही?"

"खाईन. स्टोव्हवरचं."

आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग म्हणाले, "बठ्ठास्ना समोर खावं पडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेपुढच्या लिंबाखाली गाव जमलं. शपथेच्या वेळी होतं त्यापेक्षा जास्त. निरोप मिळताच नासीर मास्तर जळगावहून पांढरा रंग घेऊन आले होते, पण कंस पुसायच्या आधी त्यांना भरीत पाहायचं होतं. अभिमनने रॉकेलचा स्टोव्ह आणला. पंप मारला, भडका उडाला, काजळी धरली. मोतीलालने वांगं हातात घेतलं. हिरवं, गुळगुळीत, भरताचं खास वांगं होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्याला पाहून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं असतं. त्याने ते ज्वाळेवर धरलं. साल एका बाजूला करपली, दुसरी बाजू कच्ची राहिली, आणि लिंबाखाली रॉकेलचा वास पसरला.

"अंत्यविधी चालू शे," मागून पुना म्हणाला. ते वाक्य इथवर पोचलेलं होतं.

वांगं ठेचलं, फोडणी दिली, ताटात आलं. मोतीलालने भाकरीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं आणि तोंडात घातलं. सगळं गाव त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतं. आयुष्यात इतकं लक्ष देऊन त्याचा कुठलाच पाठ कोणी ऐकला नव्हता.

"कसं शे?" आबांनी विचारलं.

"चांगलं आहे."

नासीर मास्तर वळून भिंतीकडे बघू लागले. आबांनी ताटातलं बोटभर घेऊन चाखलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि मोठ्या कष्टाने गिळलं.

"मास्तर खोटं बोली ऱ्हायना," ते गावाकडे वळून म्हणाले. "हाई खावाजोगं नही शे. पन तो खाई ऱ्हायना. आते आपला इलाज नही."

लोक हसले. हसता हसता पांगले. पुना जाताना म्हणाला की उरलेल्या काड्या तो उद्या तोडायला घेईल. पण मास्तरांनी ताट पुरं केलं पाहिजे. मोतीलालने पुरं केलं. नासीर मास्तरांनी कंसावर पांढरा हात फिरवला. खालची अक्षरं तरी थोडी दिसतच राहिली.

कढईत थोडं भरीत उरलं होतं. कढई आणि भाकरी घेऊन तो घरी आला. दार उघडं होतं आणि पार्वताबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी पदर नाकावरून खाली घेतला, त्याने वाढलेली ताटली जवळ ओढली आणि एक घास खाल्ला.

"जवाईबापू, हाई भरीत नही शे."

"नाही, मामी."

त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.

"द्या आखो थोडं," त्या म्हणाल्या.