थंड फेरी

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण एक गोष्ट काही मला आमच्या ह्यांच्या गळी उतरवता आलेली नाही. गाडी जोरात पळवून आणली की लगेच किल्ली फिरवायची नसते. दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं इंजिन जागेवर चालू ठेवायचं. पण नाही! बडोद्यातल्या हरणीच्या आमच्या सोसायटीत गाडी शिरते न शिरते तोच ह्यांचा हात किल्लीवर. "उगीच पेट्रोल कशाला जाळायचं?" अहो, साध्या गाडीला टर्बो बसवताना पेट्रोल आठवलं नाही, आणि आता दोन मिनिटांत तुमचं राज्य बुडणार?

राज्य म्हटलं, कारण ह्यांचं नाव प्रतापसिंह, आणि पूर्वज गायकवाडी फौजेत घोडदळात. हे ऐकवल्याशिवाय ह्यांना जेवण पचत नाही.

मी निरुपमा. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात बारा वर्षं हीट एक्स्चेंजर बनवते आहे. तापलेल्या तेलातून, वायूतून उष्णता काढून घ्यायची, हाच माझा धंदा. टर्बोचं दुखणंही तेच. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो म्हणून ताकद वाढते, पण दाबलेली हवा तापते. सायकलला पंप मारताना नळी कशी चटका देते, तसं. ती हवा इंजिनात जायच्या आधी थंड करायला पुढच्या जाळीमागे इंटरकूलर लागतो. तो मी बनवला. एकेक पत्रा स्वतः कापला, रोज सुटीनंतर तास-दोन तास थांबून जोडला. तीन महिने लागले.

मालक भास्कररावांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "निरुपमाबेन, रविवारी शर्यतीला मी येतो. हा टिकला तर मोटारींच्या इंटरकूलरचं वेगळं खातं काढू. तुम्हीच सांभाळा."

बारा वर्षं मी दुसऱ्यांचे नकाशे पुढ्यात घेऊन काम केलं होतं. माझं स्वतःचं खातं! आठवडाभर मला धड झोप लागली नाही.

गोष्ट यंदाच्याच, २००७ सालच्या मे महिन्यातली. शर्यत एका बंद गिरणीच्या आवारात होती. दर पाळीला तीन फेऱ्या मारायच्या, त्यातल्या चांगल्या दोन धरायच्या. नियम ऐकला आणि मला आनंदानं उड्या माराव्याशा वाटल्या. म्हणजे एक फेरी फुकट घालवायला मोकळीक! मी ह्यांना समोर बसवून सांगितलं, "पहिली जोरात. दुसरी थंड. सावकाश चालवा, कूलरमधून वारा जाऊ दे, सगळं निवू दे. मग तिसरी जोरात. आणि आल्यावर किल्लीला हात लावायचा नाही."

"कळलं गं बाई."

सकाळच्या पाळीत खरंच कळलं होतं. पहिली फेरी झकास गेली. दुसरीला ह्यांनी वेग उतरवला, आणि माइकवरचा तो आगाऊ माणूस ओरडला, "अरे, प्रतापभाई तो ठंडा पडी गया!" सगळं मैदान खो खो हसलं. तिसऱ्या फेरीला गाडी पहिलीइतकीच पळाली, आम्ही दुसरे आलो, फायनलला पोचलो. पण हे गाडीतून उतरले ते तोंड पाडूनच.

"चारचौघांत शोभा झाली माझी."

"दुसरा नंबर आलाय, अहो!"

"ठंडा पडी गया म्हणाला तो. आमच्या घराण्यात आजवर कुणाला असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती."

मी कपाळावर हात मारला. मी ज्या शब्दासाठी तीन महिने पत्रे कापले, तोच शब्द ह्यांना शिवीसारखा लागला होता. भास्करराव शेजारी सोडा पीत उभे होते, म्हणून मी जीभ आवरली.

दुपारी ऊन असं की बॉनेटवर हात ठेववेना. फायनलच्या दोन पाळ्या होत्या. पहिलीला निघताना मी खिडकीत वाकून पुन्हा म्हटलं, "दुसरी थंड." ह्यांनी मान हलवली.

पहिली फेरी सुसाट. दुसरीला मी कान टवकारून उभी राहिले, आणि गाडी तशीच बोंबलत माझ्यासमोरून गेली. वेग तसूभर कमी नाही. माइकवाल्याला ऐकवायचं होतं ना! मी हात हलवले, ओरडले, कोण बघतंय? तिसऱ्या फेरीत इंजिन तापून खडखडायला लागलं. गाडी धापा टाकत आली, गिरणीच्या दारापाशी थांबली.

मी धावतच होते. "बंद करू नका! बंद करू नका!"

ह्यांनी किल्ली फिरवली, दार उघडलं आणि तरातरा माइकवाल्याकडे गेले. "बोल आता, कोण ठंडा?"

मी बॉनेट उघडून पाहिलं. टर्बो लालबुंद झालेला, आणि त्यातून वाहणारं तेल इंजिनाबरोबर जागच्या जागी थांबलेलं. ते जळून आत त्याचा कोळसा होतो. घरी सोसायटीच्या गेटपाशी ह्यांनी हेच कितीदा केलं असेल, कुणास ठाऊक. तो जुना टर्बो आणखी किती सोसणार?

अर्ध्या तासानं दुसरी पाळी. गाडी सुरू झाली, शंभर पावलं गेली, आतून शिट्टीसारखा आवाज आला आणि मागून निळा धूर. मग गाडी उभीच राहिली. लोकांनी ढकलत बाहेर आणली.

भास्करराव आले. "काय झालं, प्रतापसिंह?"

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे. म्हणाले, "कूलर कमी पडला साहेब. घरी बनवलेली वस्तू, चालायचंच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं चारचौघांत मी ह्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. भास्कररावांनी मला विचारलं, "खरंय का, बेन?" हे डोळ्यांनी विनवत होते.

"खोटं आहे," मी म्हटलं. "कूलरला काही झालेलं नाही. ह्यांनी थंड फेरी घेतली नाही, आणि तापलेली गाडी फटकन बंद केली. टर्बोतलं तेल जळलं. सकाळपासून सांगत होते मी."

भास्करराव हसले. "अहो, घरातला माणूस तुमचं ऐकत नाही, तर गिऱ्हाईक काय ऐकणार? राहू दे ते खातं. आपले नकाशे बरे."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं हे हसले.

मी डिकीतून पाना काढला. "काय करतेस? गाडी ओढून न्यायचीय," हे म्हणाले. जाळी काढली, दोन्ही नळ्या सोडवल्या, चार बोल्ट खोलले आणि इंटरकूलर बाहेर ओढला. हात काळे झाले, बोट कापलं. भास्करराव बघत होते, हे बघत होते, माइकवालासुद्धा बघत होता. ओढणीत गुंडाळून तो मी कडेवर घेतला आणि फाटकाबाहेर येऊन रिक्षा थांबवली.

रिक्षावाल्यानं माझ्या मांडीवरच्या त्या अवजड पेटीकडे आरशातून पाहत हे काय म्हणून विचारलं. "बेन, आ शुं छे?"

"मारुं छे," मी म्हटलं. माझं आहे.