बोटभर जादा वझं

होडी पुन्हा नंदाच्या बाजूला वळली आणि काठाच्या चिखलात नाक खुपसून थांबली. डिंभे धरणाचं एवढं पाणी मोकळं पडलेलं, पण एकेका बाजूचं वल्हं ओढणाऱ्या या दोघींना सरळ वाट सापडेना. हर्षालीने हातातलं वल्हं आदळलं.

"सुभेदारकाका, मी किती वढते ते दिसतंय ना? हिच्या बाजूला जोरच न्हाई!"

सैन्यातून निवृत्त झालेले धर्माजी शाळेच्या सहा मुलींना होडी शिकवत होते. ते शांतपणे म्हणाले, "रविवारी सरळ गेल्या, तर दोघी पुण्याच्या शर्यतीला. न्हाईतर नंदाच्या जागी अश्विनी बसंल."

मेंढरांमागे धावून नंदाचे पाय काटक झाले होते, दंड मात्र काडीसारखे. आठ महिन्यांत तिने एकही सराव चुकवला नव्हता. उतरताना तिने होडीच्या कडेवरून हळूच हात फिरवला. ते पाहून हर्षालीचा ताठा उतरला. हर्षाली तशी आपली बढाई गावभर मिरवणारी; पण आपण चारचौघांत बोललो नि मैत्रिणीची जागा जायची वेळ आली, याचं तिला फार वाईट वाटलं.

शनिवारी ती रानात वडिलांची, गोरखची, भाकरी घेऊन गेली. गोरखने बेल्ह्याच्या बाजारातून दांडगा खोंड आणला होता आणि घरच्या म्हाताऱ्या बैलाशेजारी जुंपला होता. तरी नांगराचं तास सुतासारखं सरळ.

"आप्पा, म्हातारा मागं कसा पडत न्हाई?"

"जू नांगराला बांधलंय तो नाडा बोटभर खोंडाकडं सरकवलाय. दांडग्यावर वझं जादा, म्हाताऱ्याला हलकं." गोरख हसला. "म्हाताऱ्याला वाटतं, आपल्यात अजून लई रग हाय. वाटू दे की!"

हर्षाली त्या नाड्याकडे बघतच राहिली.

वल्ह्याच्या दांड्यावर एक पट्टा असतो, तो होडीच्या कडीला अडतो. पट्टा पात्याकडे सरकवला की हाताकडचा दांडा लांब होतो आणि वल्हं हलकं चालतं. उलटा सरकवला की जड. रविवारी दिवस उगवायच्या आत हर्षाली पाण्यावर हजर होती. तिने नंदाच्या वल्ह्याचा पट्टा बोटभर पात्याकडे सरकवला, स्वतःचा मुठीकडे, आणि पेच आवळले.

धर्माजी आल्यावर दोघी निघाल्या आणि अर्ध्या वाटेतच हर्षालीच्या खांद्यांना आग लागली. वल्हं कसलं, खडकात रुतलेली पहारच ती! समोर नंदाची पाठ लयीत मागेपुढे होत होती. त्या लयीत लय मिळवता मिळवता हर्षालीला एकाएकी हसू फुटलं. होडी सरळ चालली होती, अगदी सरळ, आणि असा आनंद तिला एकटीच्या जोराने कधीच झाला नव्हता.

काठावर वल्ही उचलताना धर्माजींचा अंगठा एका पट्ट्यावर थबकला. त्यांनी हर्षालीच्या सोललेल्या तळव्यांकडे पाहिलं.

"पुण्याची तयारी करा," एवढंच ते म्हणाले.

नंदा तर चिखलातच नाचायला लागली. "बघितलंस का गं? रोज हिरीचं पाणी शेंदते, त्याचा जोर हाय ह्यो! आन तू? येवढी धापा टाकतीस? राती जेवली न्हाईस व्हय?"

हर्षालीच्या जिभेच्या अगदी टोकाशी खरं उत्तर आलं होतं. काल-परवापर्यंत ते संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं.

"न्हाई ना," ती हसत म्हणाली. "उद्यापासून मलाबी हिरीवर ने की तुझ्यासंगं."