शुक्रवारची प्लेट

खिडकी बुजवायची, हे आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला सांगितलं नाही, पाळण्याला सांगितलं. त्या माझ्याशी सरळ बोलत नाहीत.

"भागू, तुझ्या आईस सांग, गुरुवारी गवंडी येणार. विटा परसांत येऊन पडल्या आहेत."

भागूनं ऐकून घेतलं आणि मूठ तोंडात घातली. माझं लेकरू अजून धड बसत नाही, पण निरोप तिच्याकडेच येतात.

"काय म्हणून?" मी विचारलं.

"लेंकराच्या उशाशीं साप आला म्हणजे मग विचारील म्हणावं, काय म्हणून."

साप कुठून येणार होता, तर शेजारच्या दुकानातून. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच सांद आहे. शेजारी पुढच्या भागात कृष्णमूर्ति ऐयरनं रेडिओ आणि ग्रामोफोनचं दुकान घातलं आहे. माझी खिडकी सांदीवर उघडते. तिच्यातून दिसायला एक शेवाळलेली भिंत आणि खाली न्हाणीचं पाणी, बस्स. ऐकू मात्र सगळं येतं. दर शुक्रवारी मद्रासच्या गाडीनं नव्या प्लेटांची, म्हणजे तबकड्यांची, पेटी येते, आणि जेवणं होऊन गल्ली पेंगत असते तेव्हा कृष्णमूर्ति एकेक लावून पाहतो, वाटेत तडा तर गेला नाही ना म्हणून.

त्या वेळेला मी भागूला पाजायला घेते. ती भुकेली असो नसो. पाजायला बसलेल्या बाईला उठवायचं नाही, हा या घरातला एकच नियम माझ्या बाजूचा आहे.

बहुतेक प्लेटा जुन्याच चालीच्या असतात. तीच फिडलं, तोच तबला, तीच रडणारी बाई. मी वाट बघते ती वेगळ्या आवाजाची. एका प्लेटेत गाणारीचाच आवाज गाऊन झाल्यावर विहिरीतून यावा तसा मागून परत आला, आणि तो मुद्दाम आणलेला होता. एकीत कसलीशी तार एका सुरावरून दुसऱ्यावर गेली ती पायरी न घेता, ओल्या फरशीवरून तांब्या घसरावा तशी. असं काही आलं की मी भागूच्या कानापाशी म्हणायची, "ऐकलंस? हे नवीन."

मग पोंगलनंतरच्या पेटीतून ती प्लेट आली.

गाणं हिंदी होतं, ते जाऊ दे. मधेच एक आवाज निघाला. पुंगीसारखा, पण पुंगी नव्हे. पुंगीवाल्याची थरथर कधी दाटते, कधी विरळ होते, त्याचे गाल दुखतात ते कळतं. ही थरथर सगळी एकसारखी होती, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी. खालून वर उडी मारताना दम लागला नाही. त्या आवाजात माणूसच नव्हता. भागूनं चोखायचं सोडलं, हनुवटीवरून दूध ओघळत होतं आणि ती खिडकीकडे बघत होती. मीही.

मला काय झालं ते सांगता येत नाही, एवढं सांगते. या घरात माझ्याकडे आलेली प्रत्येक वस्तू आधी कुणाची तरी होती. लुगडी थोरल्या नणंदेची. पाळणा तिचाच. ताट मेलेल्या आजेसासूचं. मुलीचं नावसुद्धा आत्याबाईंच्या आईचं, मला न विचारता ठेवलेलं. तिरुविसनल्लूरला माहेरी मी भजनात तंबुरा धरायची, तो एथे पुरुष धरतात. आणि हा आवाज या घरात आला तो पहिल्यांदा माझ्या कानात. माझ्याआधी एथे तो कुणाचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कृष्णमूर्तीनं दुकानाच्या तोंडाशी कर्णा टांगला आणि तीच प्लेट सुरू केली. हा आवाज विजेच्या पेटीतून काढला आहे, असं तो ओरडून सांगत होता. गिऱ्हाइकं जमली. संध्याकाळी मामंजी, म्हणजे माझे सासरे गोपालकृष्णराव, तिण्णैवर आले. आमच्या घराच्या पुढच्या त्या ओट्यावर एकादशीला विठ्ठलाचं भजन असतं, आणि त्या दिवशी एकादशी होती.

"ऐयर, आमचं भजन आहे," ते तमिळमध्ये म्हणाले.

"माझं गिऱ्हाईक आहे, राव."

"हें संगीत आहे कीं गारुड?"

"ते तुम्हीच सांगा. मराठी माणसं तुम्ही, हिंदी येत असेल. काय म्हणतेय ती बाई?"

मामंजींना हिंदी येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली आमची मराठीसुद्धा पुण्याकडचा कुणी पाहुणा आला की गालात हसत ऐकतो. मामंजी गिऱ्हाइकांकडे पाठ करून हातातला टाळ पुसायला लागले. त्या दिवसापासून प्लेटेचं नाव गारुड पडलं. आत्याबाईंनी त्यावर साप चढवला. पुंगी वाजते तिथे साप येतो, भिंतीला खिडकी आहे, खिडकीखाली पाळणा आहे.

"तो आवाज पुंगीचा नाही, आत्याबाई. विजेचा आहे."

"भागू, तुझी आई वीज ऐकते म्हणे! माहेरीं हेंच शिकवलें असेल."

विटा आणण्याआधी त्यांनी रंगा गारुड्याला बोलावलं होतं. रंगानं सांदीत बसून पुंगी धरली. खरी पुंगी, गालफुगी. मी भागूला घेऊन खिडकीत उभी. तेवढ्यात कृष्णमूर्तीला तो आवाज ऐकू गेला असावा. त्यानं खवचटपणानं कर्ण्यातून तीच प्लेट सोडली. सांदीत दोन आवाज एकमेकांच्या अंगावर धावून गेले. रंगानं पुंगी तोंडातून काढली आणि ओरडला, "कोण वाजवतोय तो?"

भिंतीपलीकडून उत्तर आलं, "कुणी नाही! करंट वाजवतोय!"

रंगा इतका चिडला की थुंकला. मग त्यानं डावा हात बाहीसकट झोळीत घातला, कपडे धुवायच्या दगडाशी वाकला, आणि दगडामागून एक धामण निघाली. अर्धी निघाली, बाकीची अजून त्याच्या बाहीतच होती. मी वरून सगळं पाहत होते.

"त्याच्या बाहींतून काढली ती," मी म्हटलं.

सांदीच्या तोंडाशी परसात जमलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्याबाई म्हणाल्या, "ओली बाळंतीण आहे. डोळ्यांपुढें अंधारी येते." त्या पहिल्यांदाच पाळण्याला सोडून बोलल्या, पण माझ्याशी नव्हे, गारुड्याशी.

मामंजी म्हणाले, "त्या खिडकींतून तुजला फार दिसतें, पंकजा. म्हणून ती नको."

रात्री जेवताना यांना विचारलं. हे म्हणजे शामसुंदर, बँकेत कारकून, घरात त्याहून खालचे. "तुम्ही तरी सांगा कीं. खोलींत वारा कोठून येणार?"

"उगाच वाद कशाला?" ते म्हणाले आणि ताक मागितलं.

गुरुवारी खिडकी गेली. गवंड्यानं शेवटची वीट बसवताना कोपऱ्यात उजेडाचा एक तुकडा राहिला होता. आत्याबाईंनी बोट करून दाखवला. त्यानं तोही चुन्यानं लिंपला.

शुक्रवारी जेवणं झाली. मी भागूला घेऊन भिंतीशी बसले. ओल्या चुन्याचा वास, घाम. पलीकडे पेटी उघडली होती, कारण विटांमधून ढब ढब ऐकू येत होतं, कुणी लांब मिरच्या कुटतंय तसं. सूर नाही, शब्द नाही. भागू मात्र नेहमीच्या जागी, जिथे खिडकी होती तिथे, बघत राहिली. चोखेना. वाट बघत होती माझी सोनी! कोऱ्या भिंतीकडे तोंड करून वाट बघत होती.

मी उठले. पदर नीट केला, तिला कडेवर घेतलं आणि ओसरीतून पुढच्या दाराकडे निघाले.

"भागू, कोठें निघालीस?" आत्याबाई.

"नवी प्लेट ऐकायला," मी भागूच्या वतीनं सांगितलं.

तिण्णैवर मामंजी पडले होते. त्यांनी डोळे उघडले, बंद केले, आणि मी दुकानाची पायरी चढले तेव्हा पुन्हा उघडले.

कृष्णमूर्तीनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच विटा रचल्या होत्या. "काय? खिडकीला चुना लावून झाला, आता माझ्या तोंडाला लावायचा?"

"नव्या प्लेटा आल्या ना? लावा."

"घेणार?"

"नाही. ऐकणार."

"एथे घरंदाज बायका उभ्या राहत नाहीत."

"मग स्टूल द्या."

स्टूल दिलं नाही. गिऱ्हाइकं हसली. एकानं भागूला लावायला हात पुढे केला; मी वळले. कृष्णमूर्ति पेटीतून एक प्लेट काढत दात दाखवून म्हणाला, "त्याच विजेच्या पेटीवाल्याची दुसरी आली आहे. लावतो. तुमच्यासाठी नव्हे. तुमच्या सासऱ्यांच्या कानात जाऊ दे म्हणून." आणि कर्ण्याचं तोंड आमच्या घराकडे फिरवलं.

कशासाठी का लावीना. सुरुवात झाली तशी भागू माझ्या खांद्याला घट्ट बिलगली. आवाज यावेळी जाड होता, झोपलेल्या मांजराच्या पोटातून यावा तसा, आणि त्यावर एक बारीक आवाज चढत गेला, चढतच गेला. शेजारी मामंजी तिण्णैवरून उठताना दिसले. आत गेले. दार लागलं. अडसर पडल्याचा आवाज गाण्याच्या वरून ऐकू आला.

मी जाऊन दार ठोठावलं नाही. तिण्णैवर त्यांच्याच जागी बसले, खांबाला टेकून, आणि भागूला पदराखाली घेतलं. समोरच्या दारांतून बायका डोकावल्या. कृष्णमूर्ति तीच बाजू हट्टानं पुन्हा पुन्हा लावत होता. एथे खिडकीपेक्षा कितीतरी स्वच्छ ऐकू येतं. इतके महिने मला ठाऊकच नव्हतं.

दुपारच्या कॉफीच्या, आमच्या कापीच्या, वेळेला हे सायकलवरून आले.

"अगे, रस्त्यावर काय बसलीस? लोक बघताहेत."

"आंतून अडसर आहे."

त्यांनी दार वाजवलं, अम्मा, अम्मा म्हणत. फट उघडली. आत्याबाई आतूनच म्हणाल्या, "तूं ये. लेंकरू दे. तिला विचार, पुन्हा त्या दुकानांत जाशील का. नाहीं म्हणेल तर येऊं दे."

हे माझ्याकडे वळले. तोंडावर तेच, उगाच वाद कशाला. "म्हण की नाहीं म्हणून. एक शब्द."

शेजारी गाणं संपलं. सुई उचलल्याची खरखर कर्ण्यातून सगळ्या गल्लीत पसरली. मग कृष्णमूर्ति कुणाशी तरी बोलताना ऐकू आला, आता उलटी करतो म्हणून.

हे हात पुढे करून उभे होते, भागूसाठी. भागूनं माझी बोटं धरली होती आणि मान दुकानाकडे वळवली होती.

"तुम्ही जावा," मी म्हटलं. "आमची दुसरी बाजू राहिली आहे."