मला न विचारता ओढलेली रेष

मित्रांनो, मी एक जुना ठिपक्यांचा कागद आहे. चाकूरच्या सिद्धम्माने कॅलेंडरच्या जाड पानाला उदबत्तीने भोकं पाडली, पंधरा ओळी, ओळीत पंधरा, आणि माझा जन्म झाला. मला अंगणात ठेवून वरून रांगोळीचा हात फिरवला की खाली दोनशे पंचवीस ठिपके हजर. एकही इकडचा तिकडे नाही. गल्लीतल्या बायका मला मागून न्यायच्या आणि कौतुक तेवढं स्वतः घ्यायच्या. चालायचंच.

दोन वर्षांमागे सिद्धम्माचे मालक शरणप्पा गेले. तिचा हात कापू लागला. आता तर माझ्यावाचून हिला गत्यंतर नाही, असा माझा हिशेब.

तो शेजारच्या कमलम्माने मोडला. मठाच्या मंडपात दर मंगळवारी दहा-बारा बायका मिळून एकच रांगोळी काढतात, तिथं ती सिद्धम्माला घेऊन गेली; सिद्धम्मानं सोबत मलाही नेलं. शिकवायला शाळेतली शिक्षिका मंजुश्री. ती म्हणाली, ठिपके नकोत. श्वास घेताना चिमूट थांबवा, सोडताना रेष ओढा. मला भिंतीला टेकवलं. जो डोळ्यांना दिसतही नाही त्या श्वासाला मानाचा पाट, आणि मी भिंतीला! माझा नुसता जळफळाट झाला. सिद्धम्माची रेष बिघडू दे, असंच मी मनात म्हटलं.

बिघडलीच. तिनं श्वास सोडला तो तोंडानं. कमलम्माच्या रेषेसकट सगळी रांगोळी उडाली.

"सिद्धम्मा, रांगोळी काढायलीस का चूल फुंकायलीस?" कमलम्मा म्हणाली. मंडप हसला. सिद्धम्मा उठून माझ्याकडे आली. मी खूश.

तेवढ्यात मंजुश्रीनं विचारलं, "मावशी, घरी काढताना श्वास कसा सोडता?"

"सोडतच न्हाई. रांगोळी उडंल म्हणून धरून ठेवते." सिद्धम्मा म्हणाली. "मालक गेल्यापासून तर दिवसभर धरूनच हाय."

कमलम्मानं सरकून तिला जागा दिली. साऱ्याजणींनी तिच्याबरोबर नाकानं सावकाश श्वास सोडला, आणि रेष निघाली. तीन ठिकाणी वाकडी, पण लांबलचक. त्या नादात ती मला मंडपातच विसरून गेली. कमलम्मानं दुसऱ्या दिवशी आणून दिलं.

माझा हेवा अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात, मित्रांनो. मी म्हणतो, ती वस्तू हाती धरणाऱ्या माणसाकडेही जरा बघत जा. माझा एक ठिपका हलू नये म्हणून ती बाई वर्षानुवर्षं श्वास कोंडत होती, आणि मी ती माझी करामत समजत होतो.